वाचून दाखवायची पत्रं

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

भिकन दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. मंजुळा वहिनींनी एकदा उचलला. "पोरगी पोचली, जेवली, निजली," एवढं सांगितलं आणि ठेवून दिला. त्यावर मी आठ दिवस काढले.

हे पत्र तुला प्रांजलीच वाचून दाखवणार. तुमच्या घरात दुसरं वाचणारं कुणी नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा प्रांजली, सावकाश वाच. स्वल्पविरामाला थांबायचं, पूर्णविरामाला श्वास घ्यायचा.

दादा, झालं ते असं. चार तारखेला, शनिवारी, आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं. मी सकाळी सातलाच निघाले. प्रांजली म्हणाली, पोटात दुखतंय, मी घरीच थांबते. मी म्हटलं, थांब. संध्याकाळी आले तर दाराला कुलूप. किल्ली समोरच्या दारात, रूपाकडे दिलेली. रूपा आमच्याच शाळेत गणित शिकवते. तिला वाटलं, मीच गावी पाठवलं असेल. आत टेबलावर चिठ्ठी होती, 'गावी जाते. काळजी करू नये.' गणवेश धुऊन, घडी करून खुर्चीवर ठेवला होता. बूट पुसून खाली. चौदा वर्षांची मुलगी एकटी स्टँडवर गेली, सिल्लोडची गाडी धरली, तिथून सोयगावची. वाटेत काही झालं असतं तर तुला मी काय तोंड दाखवलं असतं?

तिला इथं कसलाच त्रास नव्हता. स्वतंत्र खोली, अभ्यासाचं टेबल, वेळेवर जेवण. पहिल्या सहामाहीत वर्गात नववी आली. हे वय असतंच तसं. मुली हळव्या होतात, घरची आठवण काढतात. शहराची सवय लागायला वर्ष जातं. मला तर वसतिगृहात दोन वर्षं लागली होती.

संक्रांत झाली की तिला पाठवून दे. हजेरीचं मी शाळेत बघते. आता सोडली तर आठवी वाया जाईल. आपल्या घरात माझ्यानंतर शिकणारी ही एकच आहे.

वहिनींना नमस्कार. तिळगूळ केला आहे, पण खायला कुणी नाही.

तुझी बहीण,
चतुरा


२ फेब्रुवारी २०२५

दादा,

उत्तर आलं नाही. पोस्टात हरवलं म्हणावं तर मी ते रजिस्टर पोस्टानं पाठवलं होतं, आणि पोचल्याची पावती माझ्याकडे आहे. तिच्यावर प्रांजलीची सही आहे. अक्षर सुधारलंय तिचं.

शाळेतून आले की आता टीव्ही लावून ठेवते. बघत नाही, नुसता आवाज राहावा म्हणून. शिवराज गेले आणि घरात मी एकटी उरले, तेव्हाही असंच करायचे. चार वर्षं झाली त्यालाही. त्यांच्यामागं मला 'चतुरा' म्हणणारं या शहरात कुणी उरलं नाही. शाळेत मी ज्ञानेश्वरी. वसतिगृहातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी 'चतुराबाई' हे नाव ऐकून नाक मुरडलं होतं आणि रजिस्टरात आपल्या मनानं 'ज्ञानेश्वरी' लिहिलं होतं. ते चिकटलं. मला आवडलंही, खोटं कशाला सांगू. जून महिन्यात प्रांजली आली आणि फोनवर तू मोठ्यानं विचारलंस, "चतुरा हाय का घरी?" तेव्हा ती हसून म्हणाली, "आत्या, तुमचं नाव असं हाय?" मी म्हटलं, "असं आहे. 'हाय' नाही."

तिला मी काय शिकवलं ते तुला सांगायला हवं. रोज संध्याकाळी जेवणाआधी तिनं पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचायची आणि मग ती आपल्या शब्दांत सांगायची. 'नाय' आलं, 'लई' आलं, 'म्या' आलं, की पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी आमटी गार व्हायची. मी रागावत नव्हते. आवाज कधी चढवला नाही. मला वाटायचं, मी हे हसतखेळत करते आहे.

दिवाळीपर्यंत ती चुकायची थांबली. मी रूपाला अभिमानानं सांगितलं, "पाच महिन्यांत पोरीची भाषा किती स्वच्छ झाली बघ." रूपा म्हणाली, "हो, पण बोलते कुठं ती?" मला तेव्हा ते लागलं. मी मनात म्हटलं, हिला मुलं सांभाळायचं कुठं माहीत आहे. आता घरात शांतता आहे तेव्हा लक्षात येतं, ही शांतता काही चार जानेवारीची नाही. दिवाळीपासूनची आहे.

तुला आपली शाळा आठवते? एकच खोली, चारही वर्ग तिच्यातच. तू तिसरीत, मी पहिलीत. गुरुजींनी तुला धडा वाचायला उभं केलं. तू 'पानी' वाचलंस. ते म्हणाले, "पाणी म्हण." तू म्हणालास, "पानी." ते म्हणाले, "जीभ टाळ्याला लाव." सगळा वर्ग हसायला लागला. गुरुजींनी तुला वीस वेळा म्हणायला लावलं. विसाव्यांदाही 'पानी'च. मग तू पुस्तक मिटलंस, माझ्या मांडीवर ठेवलंस आणि बाहेर गेलास. दुसऱ्या दिवसापासून बापूंच्या मागं मेंढरांकडं.

मीही हसले होते दादा. त्या दिवशी वर्गात. तुला ते दिसलं होतं का, हे मी तुला कधी विचारलं नाही.

नंतर मी रानात तुझी भाकरी घेऊन यायचे तेव्हा वाटेनं एकटीच म्हणायचे. पाणी, लोणी, बाण, कोण. जीभ दुखेपर्यंत. तू ऐकलंस तेव्हा चिडवलं नाहीस. म्हणालास, "म्हण, म्हण. तुला येतंय." त्या एका अक्षरावर मी इथपर्यंत आले, असं मला वाटतं. प्रांजलीलाही तेच द्यावं, एवढंच माझ्या मनात होतं.

गॅदरिंगच्या तालमीत काही बोलणं झालं असेल तर ते तिनं मनाला लावून घेऊ नये. मुलं हसतात आणि विसरतात.

तिला परत पाठव. नाहीतर निदान तू ये.

चतुरा


२३ फेब्रुवारी २०२५

दादा,

तू आलास. मी 'ये' म्हटलं म्हणून नव्हे, शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलास. तरी आधी माझ्या दारात आलास. गुरुवारी सकाळी बेल वाजली, तेव्हा मी साडीच्या निऱ्या घालत होते. दार उघडलं तर तू. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात वहिनींनी दिलेली भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.

तू खुर्चीवर बसला नाहीस. खालीच बसलास. चहा घेतलास आणि विचारलंस, "बाई, पोरीला काय झालं गं? घरी काय बोलत नाय. काय इचारलं तर म्हनती, आत्यानं लई जीव लावला. जीव लावला तर मंग आली काहून? तुला ठावं आसन तर सांग."

मी म्हणाले, "मला काय माहीत दादा."

खोटं बोलले. आणि मग आणखी एक केलं. मी म्हटलं, "माझा पहिला तास आहे, मी पुढं जाते. तू रिक्षानं ये." माझी स्कूटर होती. मागं बसवून नेता आलं असतं. तू म्हणालास, "व्हय, व्हय. तू जाय." एका शब्दानं विचारलं नाहीस.

दहा वाजता मी रजिस्टर ठेवायला ऑफिसात आले तेव्हा तू टेबलासमोर उभा होतास. क्लार्क म्हणाला, "ए बाबा, अर्ज आणलाय का लिहून? लिहिता येतं का?" तू मान हलवलीस. त्यानं विचारलं, "मग इथं कुणी ओळखीचं आहे का तुमचं, लिहून द्यायला?"

तू वळून पाहिलंस. मी तुझ्यापासून चार पावलांवर होते. आपली नजरानजर झाली. मी काही बोलायच्या आत, आणि मी बोलले असते की नाही हे मला आजही सांगता येत नाही, तू मान फिरवलीस. म्हणालास, "नाय साहेब. वळखीचं कोनी नाय."

शेवटी शिपायानं अर्ज लिहून दिला. मी वर्गात गेले आणि विशेषणाचे प्रकार शिकवले.

तुला काहीच ठाऊक नव्हतं, तरी सगळं कळलं. तेव्हा आता मी सांगते. प्रांजली, इथून पुढचं वाच. गाळू नकोस. तू इतके दिवस माझी अब्रू झाकलीस, आता झाकू नकोस.

यंदाच्या गॅदरिंगचा विषय होता 'आपली लोकसंस्कृती'. प्रत्येक वर्गानं एकेक लोकनृत्य करायचं. आठवीच्या वाट्याला धनगरी नाच आला. नाच बसवायला बाहेरून एक सर आणले, कपडे शहागंजातून भाड्यानं आणले. पिवळे फेटे, चकचकीत काठ्या, ऍक्रिलिकच्या घोंगड्या. निवेदन मी लिहिलं. एका पुस्तकातून उतरवून काढलं. 'धनगर ही एक साधी, भोळी, निसर्गप्रेमी जमात आहे,' अशी सुरुवात केली. मी, आपल्या बापूंची लेक, हे लिहिलं. कुठंही लेखणी अडली नाही. बोलायला अपेक्षा नावाची मुलगी निवडली, तिचे उच्चार चांगले म्हणून. प्रांजलीला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं.

दोन जानेवारीला रंगीत तालीम होती. मुख्याध्यापिका बघायला आल्या होत्या. नाच अर्ध्यावर आला आणि प्रांजली थांबली. सर ओरडले, "काय झालं?" ती म्हणाली, "सर, हा नाच आमच्याकडं नाय नाचत. तो तिकडं सांगलीकडं नाचतेत. आन् घोंगडं असं नाय घेत. असं घेतलं तर मेंढरामागं पळता येत नाय."

कितीतरी महिन्यांनी ती एवढं बोलली होती. सगळं आपल्या बोलीत. तिचा चेहरा मी बघितला, खुलला होता.

पोरं हसली. मुख्याध्यापिका कौतुकानंच म्हणाल्या, "आमच्याकडं म्हणजे कुणाकडं गं?"

"आम्ही धनगरच हाये ना मॅडम. आत्याला इचारा की." आणि तिनं माझ्याकडं बोट केलं.

सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. मुख्याध्यापिकांनी विचारलं, "आत्या? मॅडम, ही तुमची भाची आहे?"

मी म्हणाले, "नाही हो. गावाकडची मुलगी आहे. घरकामाला ठेवली आहे, म्हटलं सोबत शिकेल. त्यांच्यात सगळ्यांनाच आत्या म्हणायची पद्धत असते."

'त्यांच्यात' म्हणाले दादा. हा शब्द मला शोधावा लागला नाही. तयारच होता.

प्रांजलीनं हात खाली घेतला आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. नाच पुढं सुरू झाला. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मुलींनी तिला विचारलं, "तू मॅडमची भांडी घासतेस?" मी जिन्यात होते, ऐकलं. ती म्हणाली, "हो. घासते." स्पष्ट, शुद्ध. आणि घासायचीच ती. मी कधी सांगितलं नाही, पण वहिनींनी लावलेली सवय, जेवण झालं की स्वतःचं ताट आणि माझं ताट घेऊन उठायची.

त्या संध्याकाळीही घासली. मी ओट्याशी उभी राहिले. म्हणणार होते काहीतरी. म्हणाले, "उद्या लवकर उठायचं आहे." चार तारखेला ती गेली.

हे तुला समोर सांगता आलं नाही. माफ कर म्हणायचं तोंड नाही, म्हणून ते लिहीत नाही.

चतुरा


१३ एप्रिल २०२५

दादा,

सात आठवडे झाले. तुमच्याकडून अक्षर नाही. प्रांजलीनं वाचलं नसेल, किंवा वाचलं असेल. दोन्हींपैकी कशाची भीती जास्त आहे, ते मला ठरवता येत नाही.

इथं काय झालं ते कळवते. मी मार्चमध्ये मुख्याध्यापिकांना जाऊन सांगितलं, "ती मुलगी माझी भाची आहे. माझ्या सख्ख्या भावाची. मी त्या दिवशी खोटं बोलले." हे सांगायचं ठरवून त्यांच्या खोलीत जायला मला नऊ दिवस लागले. वाटलं होतं, काहीतरी होईल. त्या रागावतील, जाब विचारतील. त्या म्हणाल्या, "अगंबाई! मॅडम, तुमच्याकडे बघून अजिबात वाटत नाही हो!" आणि हसल्या. मला शाबासकी दिली त्यांनी. वर म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी नाच तुम्हीच बसवा. अगदी अस्सल होईल." मी त्यांचे आभार मानून बाहेर आले. सवयीनं.

रूपाला मात्र मी घरी बोलावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अकरा वर्षं आपण एका डब्यात जेवतो. माझ्या आईला गावात कुठल्या विहिरीवर जाऊ देत नव्हते, आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा गावानं काय केलं, ते सगळं मी तुला सांगितलं. तू डोळे पुसलेस. आणि स्वतःचं एक अक्षर काढलं नाहीस. मला तू जोशी-कुलकर्ण्यांतली वाटायचीस, ठाऊक आहे? तुला भीती होती, कबूल. पण माझी कसली भीती होती?"

मी म्हटलं, "तुझी नव्हती."

"मग मला तरी सांगायचं होतंस." ती उठली. दारात थांबून म्हणाली, "मी पहिल्या दिवशी वर्गात जाते ना, तेव्हा फळ्यावर आडनावासकट नाव लिहिते. कुणाची तोंडं वाकडी व्हायची ती त्या दिवशी होतात. तुझं रोज चाललंय. दमली कशी नाहीस गं?"

त्यानंतर आम्ही जिन्यात भेटलो की एकमेकींना वाट देतो.

उद्या जयंती आहे. खालच्या चौकात कमान उभी राहिली आहे, दुपारपासून ध्वनिक्षेपकाची चाचणी चालू आहे. दरवर्षी रूपा वाटीभर खीर घेऊन येते. यंदा तिच्याकडं पाहुणे आले आहेत, दारात बऱ्याच चपला आहेत. तिच्या दारातून हसण्याचा आवाज येतो आहे.

परवा पाचवीत एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्या अभ्यास केलाय." सगळ्या वर्गानं माझ्याकडं बघितलं, आता मॅडम दुरुस्त करणार म्हणून. मी त्याला 'बस' म्हटलं आणि धडा पुढं चालू केला. बोलू तरी काय? पेपर प्रमाण भाषेतच लिहायचा आहे, मुलाखतही त्याच भाषेत द्यायची आहे. ती शिकवू नये असं मी आजही म्हणणार नाही. पण प्रांजलीच्या तोंडात दोन्ही राहू शकल्या असत्या. मला एकीला मारूनच दुसरी शिकता आली, म्हणून मला वाटलं शिकायची रीतच ती. तीस वर्षं मी तीच शिकवत आले. किती पोरं गप्प केली असतील कोण जाणे. ती सगळी 'शांत, गुणी मुलं' म्हणून माझ्या लक्षात आहेत.

आता मी घरात एकटी असते तेव्हा आपल्यासारखं बोलून बघते. 'का' नाही 'काहून', 'तुझं-माझं' नाही 'तुपलं-मपलं', असं मोठ्यानं म्हणते. येत नाही रे. आठवीच्या गॅदरिंगमधल्यासारखं वाटतं, भाड्यानं आणलेलं. दोन्हींपैकी एकच खरी असेल तर ती कुठली, ते मलाही सांगता येत नाही.

परत पाठव असं आता म्हणत नाही. ती शाळेत जाते आहे एवढं कळलं तरी पुरे.

चतुरा


तालुका सोयगाव
२२ जून २०२५

आत्या,

पत्रं चारी पोचली. म्या जसं बोलते तसंच लिहिनार हाय. तुम्हाला लाल शाईनं दुरुस्त करायचं आसन तर करा, फकस्त मला परत पाठवू नका.

शिवरात्र झाली आन् तिसरं पत्र आलं. आबा त्या दिवशी मेंढवाड्यावरून घरी आले व्हते. म्या वाचायला बसले. 'वळखीचं कोनी नाय' पर्यंत वाचलं. आबा खाली बघून ऐकत व्हते. मंग तुम्ही लिव्हलं हाय ना, प्रांजली गाळू नकोस, तिथून म्या गाळलं. म्हनलं, "झालं. सगळ्यायला नमस्कार लिव्हलाय." आबा म्हनले, "पत्र तर जाड दिसतंय." म्या म्हनलं, "बाकी शाळंचं हाय, तुमच्या कामाचं नाय." आन् पत्र पेटीत कपड्याखाली ठिवलं.

दुसऱ्या दिवशी पाह्यलं तर पेटीत नाय. आईला इचारलं. आई म्हनली, "तुपले आबा घेऊन गेले वाड्यावर."

आत्या, तुम्हाला वाटतं आबाला वाचता येत नाय. मला बी तसंच वाटायचं. त्यायला येतं. हळू येतं. अक्षराखाली बोट धरतेत, एकेक अक्षर जुळवतेत, मंग पुढं जातेत. कोनाला दिसू देत नाय, म्हनून आपल्याला ठावं नाय. तुमचं पत्र त्यायनी चार दिवस वाचलं. वाड्यावरचे सांडूकाका म्हनले, "भिकन झाडाखाली बसून राह्यचा, मेंढरं म्याच राखली."

पाचव्या दिवशी घरी आले. हात-पाय धुतले. मला म्हनले, "तू गाळलं ते म्या वाचलं."

म्या पेटीकडं पाह्यलं.

म्हनले, "काहून गाळलं?"

म्या म्हनलं, "तुम्हाला वाईट वाटंल म्हनून."

तर आबा म्हनले, "आन् तुला नाय वाटलं का गं?"

तवा म्या रडले. तिथं असताना रडले नव्हते, गाडीत नाय, घरी आल्यावर बी नाय. त्या दिवशी लई रडले. आई चुलीपुढून उठून आली. तिला काय माहीत नव्हतं, मंग आबानीच तिला सांगितलं. आई तुमच्यावर लई चिडलेली हाय. ती तुम्हाला पत्रात काय बी लिहू नको म्हनली, म्हनून इतके दिवस लिव्हलं नाय.

आबा तुमच्याबद्दल चांगलं बी बोलले नाय, वाईट बी नाय. फकस्त एकदा जेवता जेवता म्हनले, "त्या हापिसात तिच्या हातात रजिस्टर व्हतं. ते थरथरत व्हतं. म्या पाह्यलं." मंग भाकर मागितली.

आन् तुम्ही इचारलंय ना, वर्गात तुम्ही हसला ते त्यायला दिसलं व्हतं का. म्या इचारलं. म्हनले, "दिसलं व्हतं. लहान व्हती."

म्या आठवीची परीक्षा सोयगावातून दिली. आता नववीला हाय. सकाळी एसटीनं जाते. इथं बी मराठीच्या बाई दुरुस्त करतेत. पन म्या आता गप बसत नाय. पेपरात तुम्ही शिकवलं तसं लिहिते, तोंडानं मपलं बोलते. बाई म्हनल्या, "दोन्ही कशाला?" म्या म्हनलं, "मला दोन्ही येतं."

मागच्या आठवड्यात शाळा उघडली, तर वर्गशिक्षिका एकेकाला उभं करून माहिती लिहून घेत व्हत्या. वडील काय करतेत, घरात शिकलेलं कोन हाय. म्या म्हनलं, "वडील मेंढपाळ हायेत. शिकलेली आत्या हाय. संभाजीनगरला हायस्कूलमध्ये मराठी शिकवती."

बाईनी लिहिता लिहिता इचारलं, "लांबची आत्या का?"

म्या म्हनलं, "नाय. सख्खी."

ते खरं हाय म्हनून सांगितलं. राग गेला म्हनून नाय. राग अजून हाय.

प्रांजली